लिंबाखालचं इंजिन

पुण्यातल्या माझ्या एका मित्राकडे जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स गाडी आहे. आहे म्हणजे, सांगाडा गॅरेजात आहे, इंजिनचा ब्लॉक गॅरेजच्या फरशीवर आहे, हेड वॉशिंग मशीनवर आहे आणि चार पिस्टन दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, मुलीला वक्तृत्वात मिळालेल्या कपांच्या रांगेत पालथे मांडलेले आहेत. पाहुणे त्यांना कपच समजतात. एकांनी "हा कुठल्या साली मिळाला?" असं कौतुकाने विचारलं, तेव्हा मित्राची बायको म्हणाली, "लग्नात."

गेली सात वर्षं हे इंजिन 'खोललेलं' आहे. इंजिन खोलायला एक दुपार पुरते. बांधायला किती लागतं हे कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर कुणी खोलणारच नाही.

मित्राचं म्हणणं असं, की अडचण त्याची नाही, शर्यतीच्या इंजिनांची जातच तशी. बनवणाऱ्याने ती टिकण्यासाठी बनवलेलीच नसतात. रविवारची शर्यत पार पडली की त्यांचं कर्तव्य संपलं. सोमवारी उघडायचं, झिजलेलं फेकायचं, नवं घालायचं. पुढे कारखाना बंद पडतो, नकाशे उंदरांच्या पोटात जातात, आणि ज्या तुकड्याला सोमवारी कुणी लाथ मारली असती तो शोधत माणसं देशोदेशी फिरतात. पोर्शेच्या ज्या ५५० स्पायडरमध्ये १९५५ साली जेम्स डीन हा नट गेला, तिचं इंजिन एर्न्स्ट फुरमान नावाच्या इंजिनिअरने काढलेलं. चार सिलिंडर, चार कॅमशाफ्ट, आणि ते फिरवायला साखळी नाही की पट्टा नाही, सगळे दांडे आणि दातेरी चक्रं. असं एक इंजिन बांधायला १२० तास लागत म्हणतात, आणि त्यातलं टायमिंग लावायलाच आठ ते पंधरा. हे सांगताना मित्राच्या डोळ्यांत पाणी येतं. आमच्याकडे असं पाणी लेकीच्या पाठवणीला येतं.

शिवाय 'मॅचिंग नंबर' नावाचं एक प्रकरण आहे. गाडीच्या कागदावर जो इंजिन नंबर, तोच ब्लॉकवर ठोकलेला असला तर तिची किंमत चढते. नसला तर तीच गाडी, तोच वेग, पण सगळं तोंड वाकडं करून. मी म्हणालो, "म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे का, एवढंच ना?" त्याला ही तुलना आवडली नाही. पण शर्यतीत रात्रीतून इंजिनं बदलायची, एका गाडीचं दुसरीत चढायचं, तिसरीचं हेड चौथीला लागायचं, हे ऐकल्यावर मला तरी त्यात वाटणीपत्र, बक्षीसपत्र आणि नजरचुकीने राहिलेली वारसनोंद स्पष्ट दिसायला लागली.

तर अशा या माणसाला मी जानेवारीत हुरडा खायला सास्तूरला नेलं. दोन दिवसांसाठी. तो नऊ दिवस राहिला.

सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. पुण्यात गावाचं नाव सांगितलं की समोरचा थोडा थांबतो आणि विचारतो, "किल्लारीजवळ?" किल्लारी लातूर जिल्ह्यात, आम्ही या बाजूला. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमिनीने जिल्ह्याची हद्द विचारली नाही. गणपती बोळवून लोक झोपले होते. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मणांनी माती पेललेली माळवदं. त्याबद्दल मी या लेखात एवढंच लिहिणार आहे. पुढचं इंजिन कुठून आलं ते कळावं म्हणून.

आजोबांची जुन्या गावात पिठाची गिरणी होती. बाहत्तरच्या दुष्काळानंतर त्यांनी कर्ज काढून एक 'लिस्टर टाइप' डिझेल इंजिन घेतलं. मूळ लिस्टर इंग्लंडातल्या डर्स्ली गावचं, १९३०च्या सुमाराचं. आपल्याकडे राजकोटच्या कारखान्यांनी त्याची बरहुकूम नक्कल काढली आणि मुळाने प्राण सोडल्यावरही नकला बनत राहिल्या. एकच उभा सिलिंडर, दोन्ही बाजूंना बैलगाडीच्या चाकाशी बरोबरी करू पाहणारी फ्लायव्हीलं, आणि धुराड्याच्या तोंडाशी तो डबा, ज्यातून पुक्‌-पुक्‌-पुक्‌ असा आवाज शिवारभर जाई. त्या आवाजावर बायका दळण घेऊन निघत. भूकंपानंतर गिरणी राहिली नाही. महिनाभराने ढिगाऱ्यातून इंजिन निघालं, चुलत्याने ते ट्रॅक्टरने ओढून शेतात नेलं आणि लिंबाखाली ठेवलं. गाव सिमेंटच्या घरांत गेलं, नव्या गिरणीला विजेची मोटर आली. इंजिन लिंबाखालीच राहिलं. भंगारवाला दरवर्षी यायचा, एकदा टांग मारून बघायचा आणि वजनाच्या भीतीने परत जायचा. आपल्याकडे ऐतिहासिक वारसा बहुतेक असाच जपला जातो.

हुरड्याची आगटी पेटलेली, मी गूळ फोडतोय आणि मित्र दिसेना. बघतो तर साहेब लिंबाखाली गुडघ्यावर बसलेले. पितळेच्या पाटीवरची काजळी रुमालाने पुसत होते. निघेना, तेव्हा वहिनीने घरून चिंचेचा कोळ आणला आणि देवाची भांडी घासतात तशी पाटी घासली. खालून अक्षरं उमटली : ६ एचपी, ६५० आरपीएम.

"अरे," तो म्हणाला, "याचं बोअर किती?"

मला बोअर म्हटलं की विहिरीशेजारचं आठवतं. त्याने स्वतःच हिशेब केला. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, पिस्टनची चाल साडेपाच इंच, म्हणजे सुमारे १४३३ सीसी. मग तो बराच वेळ गप्प बसला आणि एकदम म्हणाला, "बीआरएम!"

चुलता मला हळूच म्हणाला, "हुरडा बाधला काय रं ह्याला?"

बीआरएम ही १९५०ची इंग्रजांची शर्यतीची गाडी. युद्ध जिंकलं होतं, खिशात काही नव्हतं, तेव्हा इज्जतीसाठी बऱ्याच कारखान्यांनी वर्गणी काढून ती बांधली. आपल्याकडे गावजेवण घालतात तसं. इंजिन दीड लिटरला जरा कमीच, म्हणजे आमच्या लिस्टरपेक्षा फार तर वाटीभर मोठं. पण लिस्टरमध्ये ते सगळं एका सिलिंडरमध्ये, आणि बीआरएममध्ये सोळा! एकेका सिलिंडरचा व्यास जेमतेम पाच सेंटीमीटर, एकेकाचं माप ९३ सीसी. गावात दर घरापुढे जी स्प्लेंडर उभी असते तिचं इंजिन ९७. म्हणजे सोळा स्प्लेंडर एका दावणीला बांधायच्या, प्रत्येकीला जरा उपाशी ठेवायचं, वरून रोल्स-रॉइसच्या सुपरचार्जरने हवा कोंबायची आणि मिनिटाला बारा हजार फेरे मारायला लावायचे. आमचं इंजिन सेकंदाला अकरा वेळा फिरतं, ते दोनशे वेळा. आमची ताकद सहा घोडे, त्याची पाचशेच्या पुढे.

"मंग?" चुलत्याने विचारलं. "जिंकलं का?"

ऑगस्ट १९५०, सिल्व्हरस्टोन. सगळा देश बघायला आलेला. झेंडा पडला, गाडीने पुढे एक हिसका दिला आणि जागच्या जागी उभी राहिली. इंजिन ओरडतंय, चाकं ढिम्म. ताकद चाकांकडे नेणारा सांधाच तुटलेला. लोकांनी चिडून गाडीत पेन्या फेकल्या. चुलत्याला यातला अपमान कळेना. त्याच्या हिशेबाने पैसे फेकणं म्हणजे दौलतजादा, आणि ती झाली म्हणजे फड जिंकला. पुढे महिन्याभरात त्या गाडीने दोन छोट्या शर्यती मारल्या हे खरं, पण तेवढ्यासाठी सोळा सिलिंडर लागत नाहीत. त्या इंजिनाचं वेड मात्र इंग्रजांच्या डोक्यातून गेलं नाही. २०२१मध्ये जुन्या नकाशांवरून त्यांनी पुन्हा एक नवीन गाडी बांधली. कशासाठी? आवाज ऐकायचा होता.

"आवाज का," चुलता म्हणाला, "मंग मिस्त्रीला बोलवा की."

मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. एके काळी अर्ध्या तालुक्याची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. तेरणेच्या काठची पंपाची इंजिनं, ट्रॅक्टर, जीप, एका डॉक्टरांची प्रीमियर पद्मिनी. आले ते मोकळ्या हाताने. मित्राने पुण्याहून गाडीत कायम असतात ती हत्यारं काढली : लाल फोमच्या खणांत बसवलेले पाने, टॉर्क रेंच, डिजिटल मायक्रोमीटर, निळे हातमोजे. मिस्त्रींनी मोजे बघून विचारलं, "बाळंतपण हाय का?"

आधी रहिवाशांना बाहेर काढायचं होतं. धुराड्यात उंदराचं बिऱ्हाड, पाण्याच्या टाकीत एक बेडूक, आणि डिझेलच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने लिंपलेलं मातीचं घर, इतकं बेमालूम की मित्र त्याला बराच वेळ मूळ डिझाइनचा भाग समजत होता. फोटोही काढून ठेवला होता.

पिस्टन जाम. तीस वर्षांचा गंज. मिस्त्रींनी नोझल काढून वरून अर्धं डिझेल, अर्धं रॉकेल ओतलं आणि म्हणाले, "पाच दिवस हात लावायचा नाय."

"पण आपण तोवर..."

"तोवर हुरडा खायचा."

मित्राने पाच दिवस ऑफिसला 'घरून काम' कळवलं. कुणाच्या घरून ते कळवलं नाही. रोज सकाळी तो दात घासत लिंबाखाली जायचा, सिलिंडरमध्ये डोकावायचा आणि डिझेल किती उतरलं ते येऊन सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना.

त्या पाच संध्याकाळी गप्पा भरपूर झाल्या. मिस्त्रींच्या लेखी इंजिनात दोनच जाती : पाणी काढणारं आणि माणसं नेणारं. मित्र म्हणाला, एक तिसरीही आहे, पाणी काढता काढता शर्यतीत गेलेलं. १९५०च्या सुमाराला इंग्रज सरकारला आग विझवायला हलका पंप हवा होता. दोन माणसांनी उचलून नेता येईल, आणि ओढताक्षणी, थंडगार असलं तरी, पूर्ण जोर लावेल असा. कव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीने अ‍ॅल्युमिनियमचं चार सिलिंडरचं इंजिन केलं आणि नाव ठेवलं 'फेदर वेट', पिसाच्या वजनाचं. शर्यतवाल्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, हेच द्या, फक्त पंप काढून. ते थोडं मोठं करून १०९८ सीसीचं झालं आणि १९५४ला ल मान्सच्या शर्यतीत धावलं.

"हजार अठ्ठ्याण्णव?" मिस्त्री म्हणाले. "डॉक्टरची फियाट हजार एकोणनव्वद. नऊ सीसीचा फरक. ती लोहाऱ्याच्या चढाला तीनदा थांबायची."

मग याच कंपनीची इंजिनं घातलेल्या कूपर गाड्यांतून जॅक ब्रॅबहॅम १९५९ आणि १९६० असा लागोपाठ जगज्जेता झाला, हे ऐकल्यावर मिस्त्री ताठ बसले. कूपर? साताऱ्याचे? त्यांनी कूपरचं इंजिन बांधलेलं होतं! दोन कूपरांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मित्राने समजावलं, पण मिस्त्रींनी ते मानलं असं मला वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर आपले कूपर कमी नव्हते. साताऱ्यात नांगर आणि डिझेल इंजिनं काढणारे धनजीशहा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. ब्रॅबहॅमला हे जमलं नाही. इंदूरच्या होळकरांची सुपरचार्जर लावलेली ड्युसेनबर्गही मित्राने मध्ये आणून बघितली, पण ती परदेशी गेली म्हटल्यावर लोकांचा रस संपला. गेलेल्या माणसापेक्षा जाम असलेलं इंजिन बरं, निदान समोर तरी असतं.

सहाव्या दिवशी मिस्त्रींनी हेड उतरवलं, बाभळीचा ठोकळा पिस्टनवर ठेवला आणि घण हाती घेतला. मित्राने डोळे मिटले. त्याच्या जगात पिस्टनला कापसाच्या बोळ्याने हात लावतात. तीन घाव झाले, चौथ्याला आतून 'कुईं' असा आवाज आला आणि फ्लायव्हील बोटभर हललं. मिस्त्री खाली वाकून ब्लॉकला म्हणाले, "हां, उठा आता."

पुढचे दोन दिवस मात्र मी दोघांना भांडताना पाहिलं नाही. रिंगा चिकटलेल्या, त्या काढून नव्या आणल्या, लातूरच्या बाजारात लगेच मिळाल्या. मित्र त्या रिंगांकडे आणि त्यांच्या किमतीकडे आलटून पालटून बघत होता. त्याच्या गाडीच्या रिंगा इंग्लंडातून यायला सव्वा वर्ष लागलं होतं आणि एक साइज मोठ्या आल्या होत्या. मिस्त्रींनी काळ्या पेस्टने वॉल्व घासले, तळहातांत काठी फिरवत, ताक घुसळल्यासारखे. मग वर रॉकेल ओतून बिडी पेटवायला लांब जाऊन बसले. बिडी संपली, परत आले, खाली एक थेंब नव्हता.

बोल्ट आवळताना मित्राने टॉर्क रेंच पुढे केला. "किती लावायचा?"

"आवळा लागंपातुर."

"म्हणजे किती?"

"पाना कण्हतो. कण्हला की थांबायचं. त्याच्या म्होरं गेलात तर तुमी कण्हता."

सगळ्यात नाजूक काम पिस्टन आणि हेड यांच्यातली फट मोजायचं. पिस्टनवर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवायचा, हेड बसवायचं, फ्लायव्हील हाताने एक फेरा फिरवायचं, हेड काढायचं. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे फट. मिस्त्रींनी ती तार चिमटीत धरली, उन्हात तिरपी केली आणि म्हणाले, "पंचेचाळीस थाउ." मित्राने मायक्रोमीटर लावला. पंचेचाळीस. त्याने तो शून्य करून पुन्हा लावला. पंचेचाळीस. माणूस हादरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, हे शिकवतात कुठे? मी मिस्त्रींना विचारलं.

"त्यात काय कळायचं? ह्या इंजनाला पंचेचाळीसच असायला लागतंय. बघून कमी-जास्ती वाटलं असतं तर त्यांचं मशीन मागितलं असतं की."

सगळं बांधून झालं आणि लक्षात आलं, हँडल नाही. ज्याने इंजिन फिरवून चालू करायचं ते लोखंडी हँडल. हीच ती वस्तू, जिच्यासाठी शर्यतवाले जगभर पत्रं धाडतात. आम्ही गल्लीत चौकशी केली. तिसऱ्या घरी ते मिळालं. तीस वर्षांपासून जमिनीत ठोकलेलं होतं आणि त्याला एक म्हैस बांधली होती. मालकाची हरकत नव्हती, पण म्हैस बांधायला दुसरा तितकाच भक्कम खुंटा पाहिजे, असं त्याचं म्हणणं पडलं. मित्राने गाडीतून जॅकचा रॉड आणून दिला. पुण्याला परतताना टायर पंक्चर झालं तेव्हा तो आठवला.

नवव्या दिवशी पहाटेच सगळे जमलो. मिस्त्री म्हणाले होते, थंडीत उठलं तर कधीही उठतंय. डिझेल भरलं, एअर काढली, पाण्याचा ड्रम जोडला. इंजिन उघड्यावर नाचायला नको म्हणून चुलत्याने ते आदल्या दिवशीच घरामागच्या शेडमध्ये आणून चार बोल्टांनी कोब्यात आवळलं होतं. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हर ब्लॉकला टेकवून मूठ कानाला लावली. मित्राने हँडल मारायला घेतलं. नोझल कर्र कर्र बोललं. "बोललं!" मिस्त्री ओरडले. "आणखी! जोर! सोडा लिव्हर!"

लिव्हर पडली. काळा धूर, एक ढेकर, मग पांढरा धूर. मग काही नाही. मग पुक्‌. मोजून दोन श्वासांनी, पुक्‌. आणि मग पुक्‌-पुक्‌-पुक्‌-पुक्‌, धुराड्याचा डबा थरथरला, शेडचे पत्रे वाजायला लागले, कोबा पायाखाली धडधडायला लागला. मित्र हातातलं हँडल छातीशी धरून रडत होता. मिस्त्री कानातली मूठ न काढता टॅपेटला शिव्या देत होते.

दोन मिनिटांत मागचं दार धाडकन उघडलं. चुलती अनवाणी बाहेर आली, नातवाला बगलेत मारून. तिच्यामागे शेजारची म्हातारी, तिच्यामागे तिचा मुलगा. सगळे अंगणाच्या मधोमध, भिंतींपासून लांब, आभाळाखाली येऊन उभे राहिले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आतल्या मांडणीवरची भांडी अजून किणकिणत होती.

चुलत्याने हात वर करून ओरडून सांगितलं, "इंजन हाय! आपलंच इंजन हाय!"

चुलतीने नातवाला खाली ठेवलं. धुराड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हँडल धरलेल्या मित्राकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "आधी सांगायचं न्हाई का रं," ती म्हणाली. मग पदराने कपाळ पुसून आत गेली. आम्हाला वाटलं, रागावली.

ती पाटी घेऊन आली. पाटीत जोंधळे.

"जुनं जातं कुठं हाय, त्याला पट्टा लावा," ती म्हणाली. "चालूच केलंय तर पायलीभर दळून तरी द्या."